यास्नाया पोल्यानाचे गुरुजी

लिओ टॉलस्टॉय हे नाव उच्चारताच आपल्यासमोर छातीवर रुळणारी पांढरी दाढी, शेतकऱ्याचा सैल अंगरखा आणि ‘युद्ध आणि शांती’ ही अवाढव्य कादंबरी उभी राहते. गांधीजींशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार आणि त्यांच्या नावाने १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ उभा राहिलेला आश्रम यांमुळे ते आपल्याला परकेही वाटत नाहीत. परंतु हा थोर लेखक आयुष्यातील काही वर्षे एका खेड्यातील शाळेचा गुरुजी होता, आणि त्या काळात दहा-अकरा वर्षांच्या एका शेतकरी मुलाचा लेखनिक होऊन बसला होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. आपल्या शाळेच्या हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहिण्याचे ठरले तेव्हा मी टॉलस्टॉय यांच्या आयुष्याचा हाच पदर निवडला. मुलांनी काय लिहावे, कसे लिहावे आणि त्यांच्या लिहिण्याचे आपण मोठ्यांनी काय करावे, हा प्रश्न परप्रांतातल्या मराठी शाळेला रोजच पडतो.

टॉलस्टॉय यांचा जन्म १८२८ साली मॉस्कोच्या दक्षिणेस, तुला शहराजवळच्या यास्नाया पोल्याना या त्यांच्या वडिलोपार्जित जहागिरीत झाला. दोन वर्षांचे होण्याआधीच आई गेली. नवव्या वर्षी वडिलांचे छत्र हरपले. आत्यांनी भावंडांना वाढवले. १८४४ मध्ये कझान विद्यापीठात पौर्वात्य भाषा शिकण्यासाठी त्यांनी नाव घातले, तेथे जमले नाही म्हणून कायद्याकडे वळले, आणि १८४७ मध्ये पदवी न घेताच घरी परतले. परीक्षेच्या मापाने मोजायचे तर पुढे जगप्रसिद्ध होणारा हा लेखक नापास विद्यार्थी होता.

मात्र त्याच वर्षी, विद्यापीठाच्या रुग्णालयात पडून असताना, त्यांनी एक वही उघडली. ती रोजनिशी होती. आज काय वाचले, काय ठरवले, ठरवलेले का पार पडले नाही, कुठे आळस केला, कुठे बढाई मारली, याच्या त्रोटक नोंदी. वागण्याचे नियम करायचे, ते मोडायचे आणि मोडल्याचेही लिहून ठेवायचे. पुढे १८५१ मध्ये त्यांनी एक विलक्षण प्रयोग करून पाहिला: कालचा एक दिवस, त्यातले सगळे विचार आणि हालचाली यांसकट, कागदावर उतरवायचा. तो प्रयत्न अपुराच राहिला, कारण एका संध्याकाळीचे वर्णनच संपेना. पण माणसाच्या मनात एका क्षणात किती गोष्टी एकदम चालू असतात, हे त्यांना या फसलेल्या कागदांतून कळले. कोणीही तपासणार नाही, कोणीही गुण देणार नाही, अशा वह्यांतून हा मनुष्य लिहायला शिकला. त्यांच्या शाळेकडे पाहताना हे ध्यानात ठेवले पाहिजे.

यापुढची काही वर्षे सर्वांना ठाऊक आहेत. थोरल्या भावाबरोबर ते काकेशसला गेले, सैन्यात शिरले. १८५२ मध्ये ‘बालपण’ हे पहिले पुस्तक छापले गेले. सेवास्तोपोलच्या वेढ्यात त्यांनी युद्ध जवळून पाहिले आणि त्यावर लिहिलेल्या कथांनी त्यांना कीर्ती मिळवून दिली. राजधानीतल्या साहित्यिक वर्तुळात त्यांचे मन रमले नाही. १८५९ च्या शरद ऋतूत ते गावी परतले आणि आपल्या कुळांच्या मुलांसाठी शाळा सुरू केली.

त्या वेळी रशियातला शेतकरी भूदास होता. जमिनीबरोबर त्याचीही मालकी जमीनदाराकडे असे. ही प्रथा १८६१ मध्ये कायद्याने संपली, पण लिहिता-वाचता येणारा शेतकरी अजूनही विरळाच होता. बहुतेक शाळांतून पाठांतर आणि मार यांपलीकडे काही नव्हते. टॉलस्टॉय यांनी आपली शाळा चालू असतानाच १८६० मध्ये परदेश गाठला. या प्रवासात फ्रान्समध्ये त्यांचा लाडका भाऊ निकोलाय क्षयाने दगावला. दुःख उरात घेऊन ते जर्मनी, फ्रान्स, इंग्लंड आणि बेल्जियम फिरले, वर्गांत मागे बसून पाठ ऐकले, शिक्षकांना प्रश्न विचारले. फ्रान्समधल्या मार्सेय बंदरात त्यांच्या असे लक्षात आले की, शाळेत पोपटपंची करणारी माणसेच रस्त्यावर, उपाहारगृहात, स्वस्त कादंबऱ्यांतून कितीतरी अधिक शिकलेली आहेत.

जर्मनीतल्या वायमार शहरातली एक हकिकत मला विशेष भावते. एका वर्गात मुले पत्राच्या रूपात निबंध लिहीत होती. टॉलस्टॉय यांना ती पत्रे सोबत न्यायची होती. वह्या तर पालकांनी पैसे खर्चून आणलेल्या, त्या कशा देणार, अशी अडचण शिक्षकांनी सांगितली. टॉलस्टॉय बाहेर पडले, कागदांचा गठ्ठा विकत घेऊन आले आणि मुलांकडून ती पत्रे पुन्हा लिहवून घेतली. परदेशच्या प्रवासातून लोक घड्याळे आणतात, कापड आणतात. या गृहस्थांनी मुलांची पत्रे आणली.

यास्नाया पोल्यानाची शाळा दुमजली दगडी घरात भरे. सकाळी घंटा वाजली की मुले अंधारातून, बर्फातून चालत येत. हातात पुस्तक नाही, वही नाही, डोक्यावर गृहपाठाचे ओझे नाही. कोणी बाकावर बसे, कोणी खिडकीत, कोणी जमिनीवर. पटावर चाळीसएक मुले, त्यांतली तीसेक हजर. शिकवायला चौघे जण, त्यांतले एक खुद्द टॉलस्टॉय. मारणे नाही, शिक्षा नाही; कंटाळा आला तर उठून घरी जाण्याचीही मुभा. आपल्यापैकी कित्येक पालकांना हे वाचून धडकी भरेल. मुख्याध्यापिका म्हणून मलाही भरते. पण पाठ रंगला की तीच मुले सांगूनही घरी जात नसत.

लेखनाच्या बाबतीत मात्र या शाळेची सुरुवात जगातल्या इतर शाळांसारखीच झाली. सोप्याकडून अवघडाकडे जावे या सर्वमान्य नियमाने मुलांना साध्या वस्तूंचे वर्णन करायला दिले: धान्य, घर, झाड. आणि काय आश्चर्य, मुले अगदी रडकुंडीला आली. जे मूल आपल्या कुत्र्याविषयी दहा मिनिटे बोलू शकते, त्याला धान्याविषयी दोन ओळी सुचेनात. मग शिक्षकांनी वस्तू सोडून घटना लिहायला सांगितल्या, घडलेले काहीही. त्याबरोबर मुलांचे चेहरे खुलले. आपण ज्याला सोपे समजतो तेच मुलाला अवघड, आणि आपल्याला जे गुंतागुंतीचे वाटते ते त्याला सोपे, कारण त्यात माणसे असतात, भांडण असते, पुढे काय झाले याची उत्सुकता असते. हा शोध त्यांना ग्रंथात मिळाला नव्हता. मुलांच्या रडव्या चेहऱ्यांनी तो लावून दिला. आजही आपल्या निबंधाच्या यादीत पावसाळा आणि माझी आई हेच विषय पहिल्या क्रमांकावर असतात, हे मी येथे नोंदवून पुढे जाते.

त्यानंतरचा प्रसंग टॉलस्टॉय यांनी स्वतः एका लेखात सविस्तर सांगितला आहे. ते रशियन म्हणींचा एक संग्रह वाचत होते. चमच्याने भरवतो आणि त्याच चमच्याच्या दांड्याने डोळ्यात टोचतो, अशा अर्थाची एक म्हण त्यांना फार आवडे. उपकार करून ते बोलून दाखवणारे लोक जगात सगळीकडेच आहेत. या म्हणीवर गोष्ट लिहा, असे त्यांनी वर्गाला सांगितले. मुलांनी उलट त्यांनाच लिहायचा आग्रह केला. टॉलस्टॉय लिहू लागले: एक शेतकरी भिकाऱ्याला घरात आसरा देतो आणि पुढे आपल्या दयेचे टोमणे मारू लागतो. पहिले पान झाले. मुले भोवती जमली, ऐकू लागली आणि चुका काढू लागली. म्हातारा असा बोलणार नाही, त्याची बायको तसे वागणार नाही. हळूहळू बाकीची मुले पांगली. दोघे तेवढे उरले. लेखात टॉलस्टॉय यांनी त्यांना सेमका आणि फेदका म्हटले आहे. त्यांची खरी नावे इग्नात माकारोव आणि वासिली मोरोझोव.

सेमकाला दिसणाऱ्या गोष्टी नेमक्या सांगता येत: पायांत काय होते, अंगावर काय होते. फेदकाचे सामर्थ्य निराळे होते. कोणता तपशील हवा आणि कोणता नको, हे त्याला उपजतच कळे. गोष्टीतला एक शेजारी घाईत बायकोचा कोट अंगात चढवून येतो, असे लिहावे असा त्याने हट्ट धरला. टॉलस्टॉय यांना आधी त्याचे प्रयोजन कळेना. मग त्यांच्या ध्यानात आले की त्या एका कोटाने तो मनुष्य, त्याचे घर, त्याचा दुबळा स्वभाव, सारे उभे राहिले. संध्याकाळी सातला बसलेली ही मंडळी रात्री अकरापर्यंत उठली नाहीत. फेदकाला तहान-भूक आठवेना. गुरुजींची लेखणी थांबली की तो चिडे. ही गोष्ट छापायची ठरल्यावर त्यावर तिघांचीही नावे घालावीत, असे त्यानेच सुचवले: माकारोव, मोरोझोव आणि टॉलस्टॉय. त्या रात्री टॉलस्टॉय यांचे मन ठिकाणावर नव्हते. रशियात नावाजलेला आपल्यासारखा लेखक एका अर्धशिक्षित मुलाच्या मागे धावतो आहे आणि त्याला गाठू शकत नाही, या जाणिवेने त्यांना आनंदही झाला आणि भीतीही वाटली.

पुढे एक दुर्घटना घडली. टॉलस्टॉय काही दिवस बाहेरगावी असताना शाळेत कागदाची खेळणी करण्याची साथ आली आणि त्या धुमाळीत गोष्टीचे हस्तलिखित गेले, अखेर जळाले. परतल्यावर ते इतके खिन्न झाले की मुलांना चैन पडेना. फेदका आणि सेमका यांनी गोष्ट पुन्हा लिहायची परवानगी मागितली, रात्री नऊच्या सुमारास त्यांच्या घरी आले आणि अभ्यासिकेचे दार आतून लावून घेतले. आधी हसण्याचे आवाज आले, मग शांतता पसरली. मध्यरात्री टॉलस्टॉय यांनी दार ठोठावले तेव्हा एक जण मोठ्या खुर्चीत बसून सांगत होता आणि दुसरा मेजाशी लिहीत होता. काही जागा पूर्वीसारख्या उतरल्या नव्हत्या, काही नव्याने सुचल्या होत्या. गुरुजींची लेखणी या वेळी त्यांना लागली नव्हती.

ही गोष्ट १८६२ मध्ये टॉलस्टॉय यांनी शाळेच्या नावाने चालवलेल्या मासिकाबरोबर छापली गेली. पुढे फेदकाने सैनिकाच्या बायकोच्या जगण्यावर लिहिलेली गोष्ट तर टॉलस्टॉय यांना रशियन साहित्यात अजोड वाटली. ही स्तुती थोडी जास्त झाली असे मला वाटते. प्रेमात पडलेल्या शिक्षकाचे मोजमाप नेहमीच थोडे सैल असते. चाळीस जणांच्या वर्गात फेदका एखादाच असतो, कधी नसतोही. पण टॉलस्टॉय यांनी या अनुभवातून जी पद्धत काढली, ती उरलेल्या अडतीस जणांच्याही उपयोगाची आहे. त्यांनी पाहिले की लिहिणे हे एक काम नसून अनेक कामे आहेत: सुचलेल्या अनेक गोष्टींतून एक निवडणे, तिला शब्द शोधणे, आधी काय लिहिले ते ध्यानात ठेवणे, दोन विचार जोडणे आणि हाताने अक्षर काढणे. मुलाला ही सारी ओझी एकदम पेलत नाहीत. म्हणून प्रथम शिक्षकाने त्यांतली बरीचशी उचलावीत, मुलाने सांगावे आणि आपण लिहावे. मग एकेक ओझे त्याच्याकडे सोपवत जावे. विषयांची निवड भरपूर द्यावी, आणि विषय आपल्यालाही खरोखर आवडणारे असावेत. मुलांना मुलांचेच लेखन वाचायला द्यावे. आणि मुलाचे लिखाण पाहताना वहीची स्वच्छता, वळण, शुद्धलेखन, इतकेच काय, रचनासुद्धा यांविषयी अवाक्षर काढू नये.

शेवटच्या सूचनेशी मी झगडते. ऱ्हस्व-दीर्घाची चूक दिसली की माझा हात आपोआप लाल शाईकडे जातो. पण आपल्या मुलांचा विचार करा. शाळेचे फाटक ओलांडताच त्यांच्या कानांवर दुसरी भाषा पडते. खेळ, बाजार, दूरदर्शन सगळे तिच्यातच. अशा मुलाने वर्गात पाच मिनिटांत चार ओळी लिहिल्या, त्यांत दोन शब्द हिंदी आले, आणि त्या दोन शब्दांभोवती आपण लाल वर्तुळ काढले, तर पुढच्या वेळी ते मूल चार ओळी लिहीत नाही. दोनच लिहिते, आणि त्या पाठ्यपुस्तकातल्या असतात. फेदकाची भाषाही पुस्तकी रशियन नव्हती. ती त्याच्या अंगणातली होती, आणि म्हणूनच टॉलस्टॉय यांना तिच्यापुढे आपली भाषा फिकी वाटली. शुद्धलेखन शिकवायचेच आहे. पण त्यासाठी वेगळा तास ठेवता येतो.

१८६२ च्या उन्हाळ्यात टॉलस्टॉय प्रकृतीसाठी दूर समारा प्रांतात गेले असताना पोलिसांनी यास्नाया पोल्यानावर छापा घातला. या शाळांतून शिकवायला आलेल्या तरुण विद्यार्थ्यांवर सरकारचा संशय होता. दोन दिवस झडती चालली. आक्षेपार्ह काही सापडले नाही, पण टॉलस्टॉय यांची खासगी पत्रे आणि रोजनिशा परक्या माणसांनी चाळल्या. हा अपमान त्यांना इतका झोंबला की त्यांनी थेट झारकडे दाद मागितली. आणि तरीही, याच वर्षाच्या सप्टेंबरात, अठरा वर्षांच्या सोफिया बेर्सशी विवाह ठरताच, त्यांनी आपल्या त्याच रोजनिशा, तारुण्यातल्या साऱ्या वाईट गोष्टींसकट, तिच्या हाती वाचायला दिल्या. हेतू प्रामाणिकपणाचा होता. परिणाम असा झाला की ती जखम तिच्या मनातून आयुष्यभर गेली नाही. आपले खासगी लेखन पोलिसांनी वाचले म्हणून संतापलेल्या माणसाला, तेच लेखन दुसऱ्यावर लादणेही क्रूर ठरते, हे दिसले नाही. वर्गात मुलांना रोजनिशी लिहायला सांगणाऱ्या शिक्षकांनी, आणि मुलांची वही गुपचूप उघडणाऱ्या पालकांनीही, हे दोन्ही प्रसंग एकत्र वाचावेत.

लग्नानंतर शाळा ओसरली आणि बंद पडली. तीन वर्षे शाळा चालवणे निराळे आणि साठ वर्षे चालवणे निराळे, असे म्हणण्याचा मोह मला आवरत नाही. पण त्या शाळेच्या जागी ‘युद्ध आणि शांती’ आली, तेव्हा तक्रार तरी कशी करावी? शिवाय शाळा त्यांच्या डोक्यातून गेलीच नव्हती. १८७२ मध्ये त्यांनी ‘अझबुका’ नावाची अंकलिपी चार भागांत काढली. ती चालली नाही, म्हणून १८७५ मध्ये ‘नवी अझबुका’ लिहिली, आणि ती रशियाभर घरोघरी पोहोचली. शाळेत जाण्यासाठी घरातून एकटाच निघालेल्या चिमुकल्या फिलिपोकची गोष्ट याच वाचनमालेतली. म्हातारपणी ‘कला म्हणजे काय’ हा ग्रंथ लिहिताना टॉलस्टॉय यांनी आपले जवळजवळ सर्व लेखन वाईट कलेत जमा केले आणि दोनच कथा वगळल्या. त्या दोन्ही, ‘काकेशसचा कैदी’ आणि ‘देव सत्य पाहतो, पण थांबतो’, त्यांनी लहान मुलांच्या वाचनपुस्तकांसाठी लिहिल्या होत्या.

त्यांच्या स्वतःच्या घरातली एक रीतही येथे सांगायला हवी. १८८० च्या दशकात यास्नाया पोल्यानाच्या घरात जिन्यापाशी एक टपालपेटी टांगलेली असे. आठवडाभर घरातले कोणीही, मुले, पाहुणे, स्वतः टॉलस्टॉय, तिच्यात निनावी चिठ्ठ्या टाकीत: कविता, घरातल्या बातम्या, थट्टा, कोपरखळ्या. रविवारी संध्याकाळी चहाच्या मेजाभोवती सारे जमत, पेटी उघडली जाई आणि एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचली जाई. कोणी लिहिली असेल याचे तर्क चालत. टॉलस्टॉय यांनी एकदा आपल्या घराला वेड्यांचे रुग्णालय कल्पून त्यातल्या रुग्णांचे टिपण लिहिले, आणि रुग्णांच्या यादीत पहिला क्रमांक स्वतःला दिला. ज्या घरात बाप आणि मुले यांच्यात पुढे एवढे मतभेद झाले, त्या घरात आठवड्यातून एक संध्याकाळ सगळे एकमेकांचे लिहिलेले ऐकत होते. या कल्पनेला पैसा लागत नाही. एक खोके आणि एक कुलूप लागते.

उतारवयात त्यांनी मालमत्ता नाकारली, नांगर धरला, दुष्काळात शेतकऱ्यांसाठी अन्नछत्रे चालवली आणि चर्चचा रोष ओढवून घेतला. सत्तरी उलटून गेल्यावरही, १९०७ मध्ये, गावातल्या मुलांना ते संध्याकाळी पुन्हा शिकवू लागले. रोजनिशी तर कधी सुटलीच नाही. अखेरच्या वर्षी घरात तिच्यावरूनच इतके कलह झाले की त्यांनी केवळ स्वतःसाठी म्हणून एक वेगळी वही लपवून ठेवली. १९१० च्या शरद ऋतूत, वयाच्या ८२ व्या वर्षी, ते रात्रीतून घर सोडून निघाले आणि वाटेत आजारी पडून आस्तापोवो या लहानशा रेल्वे स्थानकात त्यांनी देह ठेवला. शेवटच्या आजारातही त्यांनी रोजनिशीत नोंद केली होती.

फेदका, म्हणजे वासिली मोरोझोव, मोठा होऊन लेखक झाला नाही. तुला शहरात तो घोडागाडी हाकून पोट भरीत असे. गुरुजींना भेटायला तो अधूनमधून यास्नाया पोल्यानाला येई. पुढे त्याने आपल्या शाळेच्या आठवणी लिहून काढल्या, आणि १९१७ मध्ये त्या पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाल्या. त्यांत शाळेचा पहिला दिवस आहे, बर्फात गुरुजींशी केलेली मस्ती आहे, आणि या वेळी शीर्षकाखाली एकच नाव आहे.